बोलावता तुम्ही, अडवताही तुम्हीच: अभ्यासदौऱ्यांच्या यजमानांना खुलं पत्र

प्रति,
जिनिव्हा, ब्रसेल्स आणि न्यूयॉर्क इथल्या धोरणसंस्थांचे पदाधिकारी, त्यांचे अभ्यासदौरे आखणाऱ्या संस्था आणि यजमान देशांच्या वकिलातींतले व्हिसा अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकीच एका संस्थेचा मेल आला. आमच्या ज्या कार्यकर्तीला तुम्ही जिनिव्हा आणि ब्रसेल्सच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवडलं होतं, तिचा व्हिसा नामंजूर झाल्याचं कळून तुम्हाला फार वाईट वाटलं, असं पहिल्या परिच्छेदात होतं. दुसऱ्या परिच्छेदात तिच्या जागी युरोपात शिकणाऱ्या एका केनियन विद्यार्थिनीला घेतल्याची बातमी होती, म्हणजे पूर्व आफ्रिकेची खुर्ची रिकामी राहणार नाही. तिसऱ्यात आभार.

त्या विद्यार्थिनीवर माझा राग नाही. ती हुशार असेल, बोलेलही चांगलं. पण तुम्ही निवडलं होतं ते केनिया-टांझानिया सीमेवरच्या कुरिया भागातल्या एका मुलीला, आणि का निवडलं ते तुमच्याच निवडपत्रात आहे: सीमेवर प्रत्यक्ष काम करण्याचा अनुभव. हा अनुभव बदली खेळाडूच्या पाठीवर नंबर चिकटवावा तसा दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही. व्हिसा नाकारणं हा वकिलातीचा निर्णय होता. माणूस बदलून कार्यक्रम जसाच्या तसा उरकणं हा तुमचा. पहिला मी नाइलाजाने पचवला असता. दुसरा पचत नाही.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. लग्नानंतर नैरोबीत आले आणि इथलीच झाले. एका छोट्या महिला संस्थेचे हिशेब बघते. व्यासपीठावर बोलणाऱ्यांतली मी नव्हे. पावत्या क्रमाने लावायच्या, बँकेची पत्रं आणायची, कुणाला परदेशातून बोलावणं आलं की तिची व्हिसाची फाइल तयार करायची, हे माझं काम. तुमच्या दौऱ्यांचे फोटो सगळे बघतात, फाइल मी बघते.

तुम्हाला इंग्रजीतून वेगळं पत्र पाठवलंच आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या माणसांनीही हे वाचावं म्हणून. बीकेसीतल्या व्हिसा केंद्राबाहेर फाइल छातीशी धरून जो कुणी उभा राहिला आहे, त्याला यातलं निम्मं समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय ज्या प्रथेविरुद्ध, म्हणजे मुलींच्या खतन्याविरुद्ध, ही मुलगी काम करते, ती एकट्या आफ्रिकेची नाही. मुंबईतल्या दाऊदी बोहरा समाजातल्या बायका गेल्या दशकात या विषयावर उघडपणे बोलू लागल्या, २०१७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१८ मध्ये ते मोठ्या खंडपीठाकडे सोपवलं गेलं. तेव्हा 'तिकडच्या बायकांचे प्रश्न' म्हणून कुणी पान उलटू नये.

मुलीचं नाव देत नाही. तिला गावातच राहायचं आहे. वय चोवीस. केनियाच्या नैर्ऋत्येला टांझानियाच्या सीमेवर इसेबानिया आहे, पलीकडे सिरारी. कुरिया लोक दोन्हीकडे राहतात, सोयरीक दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे. केनियात २०११ च्या कायद्याने मुलींचा खतना गुन्हा ठरला. शिक्षा किमान तीन वर्षं कैद किंवा दोन लाख शिलिंग दंड. देशभराचे आकडे पाहिले तर फरक पडलेला दिसतो. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये १९९८ साली हे प्रमाण ३८ टक्के होतं, २०२२ च्या पाहणीत ते १५ टक्क्यांवर आलं. पण देशाच्या सरासरीत कुरिया झाकला जातो. इथे नोव्हेंबर-डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की वडीलधाऱ्यांचं मंडळ खतन्याचा मोसम ठरवतं, आणि पोलिसांचा पहारा वाढला की मुलींना सीमेपलीकडे नेलं जातं. केनियाचा कायदा त्यालाही गुन्हाच म्हणतो. मात्र तो सिद्ध करायला पलीकडच्या पोलिसांचा कागद लागतो. टांझानियाचा १९९८ चा कायदा फक्त अठरा वर्षांखालच्या मुलींना संरक्षण देतो, त्यामुळे आधी वयाचा वाद निघतो, मग कागद कुणी द्यायचा याचा. तोवर मुलगी घरी परतलेली असते.

आमची ही मुलगी वही घेऊन फिरते. कुठल्या वर्गातली कोण सुट्टीत कुठल्या मावशीकडे गेली, जानेवारीत शाळेत आली का, आली तर चालते कशी आहे. हेडमास्तर, मोटारसायकलवाले, नाक्यावर कणसं भाजणाऱ्या बायका, हे तिचे खबरे. एखाद्या मुलीचं दप्तर घरी आणि मुलगी नाही, एवढ्यावरून तिने रात्री चीफला, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्याला, उठवलेलं आहे. तिच्या स्वतःच्या बाबतीत लहानपणी काय झालं, हे मी इथे लिहिणार नाही. तुम्ही मात्र अर्जाच्या पहिल्याच पानावर ते विचारलं होतं.

तिला तुमच्याकडे येऊन दोन गोष्टी करायच्या होत्या, आणि दोन्ही अगदी रोकड्या आहेत. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या कराराला, म्हणजे सीडॉला, केनियाने १९८४ मध्ये मान्यता दिली, टांझानियाने १९८५ मध्ये. दोन्ही सरकारं जिनिव्हात त्याच समितीपुढे येऊन आपापला अहवाल मांडतात. केनिया म्हणतं आमचा कायदा कडक आहे, टांझानिया म्हणतं आमच्याकडेही आहे. सीमेवरच्या पोलिसांनी एकमेकांना कागद किती दिवसांत द्यायचा, हा एकच प्रश्न समितीने दोघांनाही एकाच शब्दांत विचारावा, एवढं तिचं म्हणणं. दुसरी गोष्ट ब्रसेल्ससाठी होती. आमच्याकडे डिसेंबरात मुलींसाठी जे आसरा केंद्र उघडतं, त्याला बाहेरून येणाऱ्या निधीचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. हिशेब बंद, केंद्र बंद, मुलगी पुन्हा त्याच घरी. निधीचं वर्ष शाळेच्या सुट्टीच्या मध्यात का संपतं, ते मार्चमध्ये का संपू शकत नाही, हे ती विचारणार होती. तुमच्यातल्या कुणाला हा किरकोळ कारकुनी मुद्दा वाटेल. मी कारकूनच आहे, म्हणून सांगते: मुली याच मुद्द्यावर वाचतात किंवा वाचत नाहीत.

आता फाइलबद्दल.

वकिलातीचं नाव लिहीत नाही. तिथला खिडकीमागचा तरुण सभ्य होता, त्याने यादी पुढे सरकवली. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. नोकरीचं पत्र, पगारपत्रकं. जमीन किंवा घराचे कागद. लग्न झालेलं असल्यास दाखला, मुलं असल्यास त्यांचे जन्मदाखले.

बँकेपासून सुरू करू. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे. कोथिंबिरीच्या जुडीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं मोबाइलवर चालतं, आणि तिचं मानधनही आम्ही तिथेच जमा करतो. एम-पेसाचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट मी फाइलला लावलं होतं. बँकेचंच हवं म्हणाले. मग घाईने मिगोरीत खातं उघडलं; नवं खातं, त्यात एकदम आलेली रक्कम. असं खातं संशयास्पद दिसतं हे मलाही कळतं. पण जुनं आणणार कुठून? जमिनीचं म्हणाल तर ती वडिलांच्या नावावर आहे आणि गावाच्या रीतीप्रमाणे भावांकडे जाईल. कायद्याने मुलींनाही वाटा आहे, हे तिला सांगायची गरज नाही, कारण ती स्वतः ओट्या-ओट्यावर बसून बायकांना तेच समजावते. लग्न तिने केलेलं नाही. तिच्या भागात चोवीस वर्षांपर्यंत बिनलग्नाचं राहणं हीच एक लढाई आहे, आणि ती तिने आईला आपल्या बाजूला वळवून जिंकली.

म्हणजे हिशेब कसा झाला बघा. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं असतं, पदरात तीन मुलं असती, तर दाखल्यांची चळत जाड झाली असती आणि ही बाई परत येणार यावर तुमचा विश्वास बसला असता. शिकली, लग्न थांबवलं, गावातल्या मुलींसाठी राबली, म्हणून तिला 'परत येण्यासारखं काही नाही'. ज्या गोष्टींविरुद्ध बोलण्यासाठी तुम्ही तिला बोलावलंत, त्याच गोष्टींचे दाखले तुमच्या वकिलाती तिच्याकडे मागतात. नकाराचा कागद छापील होता. एका चौकोनात खूण: मुदत संपण्यापूर्वी देश सोडण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका. वहीतल्या मुलींची नावं हा पुरावा कुठल्या चौकोनात बसवायचा?

अपील करता येतं, ठाऊक आहे. ते त्या देशाच्या नियमाने, बहुतेकदा त्या देशाच्या भाषेत, वर फी भरून. निकाल येईपर्यंत बैठक उठलेली असते.

फीवरून आठवलं. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी जून २०२४ पासून ८० ची ९० युरो झाली. नकार आला तरी परत मिळत नाही. पण तुमच्याच व्हिसा संहितेचं १६वं कलम सांगतं की ना-नफा संस्थांच्या परिसंवादाला किंवा शैक्षणिक कार्यक्रमाला येणारे, ना-नफा संस्थांचे पंचवीस वर्षांपर्यंतचे प्रतिनिधी या फीतून मुक्त आहेत. आमची मुलगी चोवीस वर्षांची, आमची संस्था ना-नफा, बोलावणारी संस्थाही ना-नफा. मी कलम छापून फाइलला जोडलं होतं. व्हिसा केंद्रावरच्या माणसाने ते वाचलं, आतल्या कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, यंत्रणेत असा पर्याय दिसत नाही. पैसे भरले. केंद्राचा सेवाखर्च वेगळा. इसेबानियाहून नैरोबीला बोटांचे ठसे द्यायला येण्याचा रात्रभराचा बसप्रवास वेगळा.

तुम्ही म्हणाल, काही लोक खरंच परतत नाहीत. खरं आहे. अधिकाऱ्याने खात्री करून घ्यावी, त्याचं ते कामच आहे. पण खात्री करणं आणि पासपोर्टाचा रंग बघून अंदाज बांधणं यात फरक आहे, आणि आकडे दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतात. युरोपियन आयोगाच्याच २०२४ च्या आकडेवारीत भारतातून आलेल्या अकरा लाखांहून अधिक शेंगेन अर्जांपैकी सुमारे १५ टक्के नाकारले गेले. घाना, नायजेरिया, सेनेगल इथे हेच प्रमाण ४५ टक्के किंवा त्याहून जास्त होतं. पंधरा टक्क्यांनीच आपल्याकडे लोक किती चरफडतात ते माझ्या पुण्यातल्या भाचरांना विचारा. दर दोनांपैकी जवळजवळ एक अर्ज परत येतो, तिथे नवीन मुलगी अर्ज करायलाच धजत नाही. २०२२ मध्ये माँट्रियलला एड्सविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हाही आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही. ज्या खंडात हा आजार सर्वाधिक, तिथली माणसं सभागृहाबाहेर. तेव्हाही खेद व्यक्त झाला होता.

न्यूयॉर्कची गोष्ट आणखी सरळ आहे. संयुक्त राष्ट्रं आणि अमेरिका यांच्यात १९४७ चा मुख्यालय करार आहे. त्याच्या ११व्या कलमानुसार सल्लागार दर्जा मिळालेल्या बिगरसरकारी संस्थांच्या प्रतिनिधींना मुख्यालयात जाण्यायेण्यात अडथळा आणायचा नाही, आणि १३व्या कलमानुसार त्यांना व्हिसा द्यायचा तो विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना जून २०२५ मध्ये अमेरिकेने बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, त्यातले सात आफ्रिकेतले; आणखी काहींवर अंशतः निर्बंध. सोमालिया आणि सुदान पहिल्या यादीत, सिएरा लिओन तेव्हा दुसऱ्या. या तिन्ही देशांत खतना झालेल्या बायकांचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त आहे. सरकारी शिष्टमंडळांना सूट आहे. म्हणजे मार्चमध्ये महिलांच्या स्थितीविषयीच्या आयोगाची बैठक भरेल, मंत्रिमहोदय येतील, 'आमच्याकडे प्रगती होत आहे' सांगतील, आणि ते खोडून काढू शकणारी बाई घरी असेल. मुख्यालय कराराची आठवण यजमान सरकारला जाहीरपणे करून देणं हे संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचं काम आहे. आमच्यासारख्या संस्थेचं नाही. आम्हाला तर तो सल्लागार दर्जाही नाही. जगात सहा हजारांहून अधिक संस्थांना तो आहे, पण अर्ज केल्यावर एकोणीस सरकारांच्या समितीकडून एकेक प्रश्न येत राहतो आणि प्रकरण पुढच्या बैठकीवर जातं. आम्ही आपले दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत जातो.

आता ज्यांना व्हिसा मिळतो, त्यांच्याबद्दल. कारण दार उघडलं म्हणजे सगळं झालं, असं मी म्हणत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडची दुसरी एक मुलगी असाच दौरा करून आली. तिची कार्यक्रमपत्रिका अजून माझ्या फायलीत आहे. पहिला दिवस: ओळखपरेड, पॅले दे नास्यों या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीची फेरी, तीन पायांच्या लाकडी खुर्चीसमोर फोटो. दुसरा दिवस: 'संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार यंत्रणा' यावर सकाळभर सादरीकरण, जे ती आमच्याकडे इतर मुलींना शिकवत होती. तिसऱ्या दिवशी मानवाधिकार परिषदेत बोलायला मिळालं. बिगरसरकारी संस्थांसाठी दोन मिनिटं, आणि मुदत संपली की माइक बंद. तिने तयार केलेल्या निवेदनात जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाचे आकडे होते. यजमान संस्थेच्या बाईंनी ते गोड बोलून काढायला लावले आणि 'तुझी स्वतःची गोष्ट' घालायला सांगितली. ती गोष्ट सांगितल्यावर सभागृहात टाळ्या वाजल्या. आकडे विचारायला कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी त्या संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तिचा रडवेला फोटो होता. परवानगी कुणी घेतली नव्हती. गावातल्या कुणीतरी तो मोबाइलवर पाहिला आणि तिच्या वडिलांना दाखवला. त्यापुढे काय झालं ते तिचं ती सांगेल, सांगावंसं वाटलं तर.

आणि पैसे. तुमच्या दौऱ्यांचा नियम असतो: खर्च आधी करा, पावत्या जोडा, परत आल्यावर भरपाई. तुमच्या तरुणांच्या खिशात क्रेडिट कार्ड असतं. आमच्या मुलीच्या विम्याचे, टॅक्सीचे, तिथल्या जेवणाचे पैसे आम्ही आसरा केंद्राच्या किराण्यातून वळवले. जिनिव्हात एक कॉफी आणि सँडविच म्हणजे तिच्या गावातल्या घराचा आठवड्याचा बाजार. एका ट्रामच्या तिकिटाची पावती नव्हती म्हणून भरपाईचा अर्ज परत आला होता. त्या तिकिटाची रक्कम मी इथे लिहीत नाही. ज्या टेबलावरून तो अर्ज परत आला, तिथल्या अधिकाऱ्याला लाज वाटेल.

कुणी म्हणेल, बाई कडवट झाल्या. तसं नाही. असे दौरे व्हावेत, असंच माझं मत आहे, कारण योग्य झाले तर त्यातून काय उभं राहतं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकाभर फिरल्या, शाळा पाहिल्या, आणि इथल्या विधवांच्या स्थितीवर आपल्या मनाप्रमाणे बोलल्या. बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं, त्याने दहा वर्षं पैसा पुरवण्याची हमी घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. मिशनच्या राजकारणाचे त्यात पुष्कळ काटे होते, तो वेगळा विषय. पण ऐकणाऱ्यांनी शेवटी लेखी जबाबदारी घेतली. तुमच्या आठवडाभराच्या दौऱ्याच्या शेवटी प्रशस्तिपत्र मिळतं.

आणि हे सगळं तिकडेच का व्हायला हवं? नैरोबीत गिगिरीला संयुक्त राष्ट्रांचं मुख्य कार्यालय आहे. आफ्रिकी महासंघ अदिस अबाबात आहे, त्याचा मानवाधिकार आयोग बांजुलमध्ये, न्यायालय अरुशात. बायकांच्या हक्कांविषयीचा मापुतो करार २००३ मध्ये इथेच झाला आणि २००५ मध्ये लागू झाला. खतन्याला नाव घेऊन बंदी घालणारं कलम त्यात आहे. जुलै २०२४ मध्ये गांबियाच्या संसदेत खतन्यावरची बंदी उठवण्याचं विधेयक पडलं. ते तिथल्या बायकांनी गल्लोगल्ली फिरून पाडलं. अभ्यास करण्यासारखं काही असेल तर ते हे. १९८५ मध्ये तिसरी जागतिक महिला परिषद नैरोबीत झाली तेव्हा जगभरातून हजारो बायका इथे आल्या होत्या, भारतातूनही. आजही तुमच्या अधिकाऱ्याला केनियात यायचं तर ऑनलाइन परवाना काढायचा, खर्च साधारण ३० डॉलर. त्याला लग्नाचा दाखला कुणी मागत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या. भीक नाही, सवलत नाही.

निवडपत्र बैठकीच्या किमान चार महिने आधी हातात पडलं पाहिजे. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, मग आमंत्रण सहा आठवडे आधी का निघतं? पत्रासोबत तुमच्या एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन द्या, आणि वकिलातीशी बोलणं त्याने करायचं, चोवीस वर्षांच्या मुलीने खिडकीवर नाही. नकार आला तर तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. जागा तिच्याच नावाने पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवा आणि अपिलाचा खर्च उचला. तुम्ही निवडलेल्यांपैकी किती जणींना व्हिसा नाकारला, कुठल्या देशाने नाकारला, हे दरवर्षी अहवालात छापा. आज त्या अहवालात फक्त पोहोचलेल्यांचे फोटो असतात, त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असं पैसा देणाऱ्यांना वाटतं.

व्हिसा अधिकाऱ्यांकडे दोनच गोष्टी मागते. १६व्या कलमाची सूट केंद्रावरच्या यंत्रणेत दिसू द्या. आणि मोबाइलवरचं स्टेटमेंट, संस्थेची हमी, आधीच्या कामाचा दाखला हे जमीन आणि लग्नाच्या बरोबरीचे पुरावे माना.

पैसे आधी द्या. दौऱ्यात तिला काय बोलायचं ते तिला ठरवू द्या. अंगावरच्या जखमांबद्दल अर्जात विचारू नका. फोटो छापण्याआधी तिची लेखी संमती घ्या आणि ती मागे घेण्याचा हक्कही तिला द्या. तिने विचारलेल्या प्रश्नांना साठ दिवसांत लेखी उत्तर द्या. 'आम्ही याची नोंद घेतली आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही.

शेवटची मागणी यजमान संस्थांच्या कार्यक्रम-प्रमुखांसाठी आहे. निधी कमी झालाय, हे आम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेची मदतसंस्था २०२५ मध्ये बंद झाली त्याचा फटका आमच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांनाही बसला. म्हणूनच म्हणते, निम्मे दौरे उलट दिशेने करा. येत्या नोव्हेंबरात शाळा सुटतील तेव्हा निधीचं वर्ष ठरवणारा तुमचा एक माणूस इसेबानियाला पाठवा. मंत्री नको, प्रसिद्धी विभाग नको, ज्याच्या सहीने तारीख बदलते तो पाठवा. बस नैरोबीहून रात्री सुटते, सकाळी पोहोचते. त्याला नाक्यावर घ्यायला ती स्वतः येईल, आणि सादरीकरण तिचं असेल. नाव ऑक्टोबरच्या आत कळवा, म्हणजे मला राहण्याची सोय बघता येईल.

भरलेल्या ९० युरोंची पावती आणि १६व्या कलमाची प्रत सोबत जोडली आहे. रक्कम संस्थेच्या खात्यात जमा करावी.

आपली,
नैरोबीतल्या एका महिला संस्थेची हिशेबनीस